हात लागला नव्हता

अणदूर, ९ ऑगस्ट

प्रिय दीपमाला,

परवा फोनवर मी खो-खोचं नाव काढलं आणि तू लगेच तुमच्या परंड्याच्या उन्हावर घसरलीस. म्हणून आता लिहितेय, कागदाचं बोलणं मध्येच तोडता येत नाही. माझ्या संघातल्या पोरींना पुढच्या महिन्यात जिल्ह्याच्या स्पर्धेत उतरायचंय. मला जोडीला शिकवणारी हवी आहे आणि ती तूच हवीस. ‘सत्तावीस वर्षं मैदानावर पाय ठेवला नाही’ हे तुझं कारण मला चालणार नाही.

आधी माझी फजिती ऐक. इथल्या शाळेनं विचारलं, पोरींना खो-खो शिकवाल का, आणि मी हुरळून हो म्हणाले. गळ्यात शिट्टी अडकवली आणि आपल्या नळदुर्गच्या शाळेतल्या सरांसारखी नुसती ओरडत सुटले. पंधरा दिवसांत सोळा पोरींच्या सात उरल्या. मग मलाही सकाळी सहाला उठणं जिवावर यायला लागलं. एकदा पांघरूण डोक्यावर ओढून पडून राहिले, तर सासूबाई म्हणाल्या, “तुलाच जावं वाटंना, तर पोरी कशाला येतील गं?” मी उठले.

त्या दिवशी लेकीचा ट्रॅकसूट चढवला आणि पोरींच्या रांगेत जाऊन बसले. वय त्रेचाळीस, वजन विचारू नकोस. उठले, धावले आणि खांबावर सूर मारला, तो खांब राहिला बाजूला आणि मी थेट मातीत! पोरी पोट धरून हसल्या. गुडघा सोलून निघाला होता, पण इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता गं. शिवांजली म्हणून आमची सगळ्यांत भित्री पोरगी आहे. ती म्हणाली, “बाई, तुमी पडून बी हसता, मग म्या कशाला भ्यायचं?” आणि तिनं आयुष्यातला पहिला सूर मारला. आता अठरा पोरी येतात, माझ्या आधी येऊन मैदान झाडून ठेवतात. सासूबाई शेंगा उकडून पाठवतात आणि कोण कशी खेळली याची रोज चौकशी करतात. त्यांना नियम एक कळत नाही, पण मतं भरपूर आहेत.

गेल्या रविवारी नळदुर्गच्या संघाशी सराव सामना झाला. एका गुणानं हरलो. शेवटच्या मिनिटाला शिवांजली उठली आणि खो मिळायच्या आधीच उठली म्हणून पंचांनी फाउलची शिट्टी वाजवली. माझा जुना स्वभाव उसळला आणि मी सगळ्यांदेखत तिला झापलं, उठायची एवढी घाई कशाला? ती मान खाली घालून उभी राहिली. तेवढ्यात गौरी पुढं आली, तेरा वर्षांची चिमुरडी. “बाई, तिला बोलू नका. खो म्या म्हनले, पर माझा हात तिच्या पाठीला लागलाच न्हाय. ती माझ्या आवाजावर उठली.” एवढं बोलून रडली नाही की घाबरली नाही. मी तिथंच शिवांजलीची माफी मागितली. दोघी लगेच एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि पाच मिनिटांत शेंगांवरून भांडायलाही लागल्या.

मी मात्र घरी येऊन जेवले नाही. दीपे, नळदुर्गचा आपला तो अंतिम सामना आठव. मी खो म्हणाले, तू उठलीस, आपण हरलो. सर तुला नको नको ते बोलले आणि तूही मानलंस की घाई तूच केलीस. माझा हात तुला लागलाच नव्हता. मला ते त्याच क्षणी माहीत होतं. तू खेळ सोडलास, तुझ्या लग्नात मी तुझ्या हातावर मेंदी काढली, तरी तोंड उघडलं नाही. भ्याले होते, दुसरं काही नाही. आपल्या संघातली सगळ्यात चपळ मुलगी माझ्यामुळं घरी बसली. मला माफ कर. काल हे सगळं पोरींना सांगितलं, तर गौरी म्हणाली, “मग त्या बाईंना सांगितलं का?” म्हणून हे पत्र. तुला मला शिव्या द्यायच्या असतील तर पोटभर दे, पण अणदूरला येऊन, मैदानावर, पोरींसमोर. सकाळी सहाला.

तुझीच,
शिवप्रिया