लिटरमागे सहा

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आम्ही इकडे मजेत आहोत, आईचे गुडघे सोडून. तेही मजेत आहेत म्हणते, फक्त तिच्याबरोबर चालायला तयार नसतात.

आता वाईट बातमी. आईला यंदा तुझ्याकडे आणायचं नक्की केलं होतं, पण पेट्रोलने पाय ओढला. एका बाजूने तीनशे दहा किलोमीटर. तिला सोडून मी परत येणार, दीड महिन्याने न्यायला येणार, म्हणजे चार खेपा, बाराशे चाळीस. गाडी लिटरला पंधरा देते अशा समजुतीत मी होतो. पण वजनकाटे दुरुस्त करणाऱ्याने समजुतीवर चालू नये, म्हणून टाकी गळ्यापर्यंत भरली, आठ दिवस घर-दुकान केलं आणि पुन्हा भरली. नव्वद किलोमीटरला पंधरा लिटर. लिटरमागे सहा, ताई. अशाने दोनशेच्या वर लिटर लागतील आणि माझी महिन्याची कमाई धुरात जाईल.

बसने ती येणार नाही, हे तुला माहीत आहे. तेव्हा पुढच्या वर्षी बघू. आईला अजून सांगितलेलं नाही, जीभ रेटत नाही.

रागावू नकोस. माया असू दे.
तुझा धाकटा


९ फेब्रुवारी

चि. काटेरावांस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून तुझे कान उपटावेसे वाटले, पण हात तेवढा लांब पोचत नाही. मागच्या वेळी चाळीस किलोमीटरवर आईला मळमळलं आणि तुम्ही माघारी फिरलात, तेव्हा मी चार तास दारात उभी होते. त्याला तीन वर्षं झाली. लोकांची पुस्तकं बांधून बांधून मी हे घर उभं केलं, आणि आईने त्याची एक खोलीसुद्धा पाहिलेली नाही. यंदा ती आपण होऊन येते म्हणाली. ब्याऐंशीची आहे ती. पुढचं वर्ष तू कुणाच्या भरवशावर बोलतोस?

आता कामाचं. डिकीत तू काटे तपासायची वीस-वीस किलोची पाच वजनं घेऊन हिंडतोस. म्हणजे एक अख्खा पाहुणा रोज फुकट फिरवतोस. ती उतरव. टपावरचा कॅरियर काढ, चाकांत हवा भर. आमची पुस्तकं पोचवणारा टेम्पोवाला म्हणतो की सत्तर-ऐंशीच्या वर पळवू नये आणि पुढे गर्दी दिसली की पाय आधीच उचलावा, ब्रेकवर पेट्रोल वाया घालवू नये. पहाटे निघालात तर गावातली कोंडीही टळेल. हे सगळं करून पुन्हा मोज. टाकी गळत नाही ना, तेही बघ. निम्मं पेट्रोल माझ्याकडून, आणि यावर वाद नको.

बायकोला आशीर्वाद. तिला विचार, ती तुझ्यापेक्षा हुशार आहे.
तुझी ताई


२१ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आधी माझी फजिती सांगतो, मग आनंदाची बातमी.

तू म्हणालीस ते सगळं केलं. वजनं उतरवली, कॅरियर काढला, हवा भरली. पुन्हा आठ दिवस मोजलं, तर लिटरमागे पावणेसहा. आधीपेक्षाही कमी! गॅरेजवाल्याने गाडी खालून वरून पाहिली आणि हिला काही झालेलं नाही, मालकालाच तपासा म्हणाला. मला वाटलं, कुणीतरी पेट्रोल चोरतंय. खरंच चोरत होतं.

दुपारी जेवून मी तासभर झोपतो, ते तुला ठाऊक आहे. घर पडलं तरी उठत नाही. मंगळवारी दाढ ठणकत होती म्हणून जाग आली, तर अंगणातून इंजिनाची घरघर. खिडकीतून पाहिलं. गाडी जागच्या जागी चालू, काचा बंद, एसी सोडलेला, आणि मागच्या सीटवर आई मटार सोलत बसलेली. शेजारी माझी बायको, हातात घड्याळ.

दोघींनी मग कबुली दिली. आईला पोटात ढवळतं ते गाडीच्या थरथरीने आणि कोंडलेल्या वासाने, म्हणून तिने स्वतःच सवय करून घ्यायचं ठरवलं. पहिल्या दिवशी डोळे मिटून दहा मिनिटं. आता सवा तास बसते आणि वर मटारही सोलते. जितका सराव वाढला तितकं माझं ॲव्हरेज खाली आलं. मला का नाही सांगितलंस म्हटलं, तर म्हणाली, तू लगेच ताईला कळवलं असतंस, आणि मला नाही जमलं असतं तर ती पुन्हा दारात उभी राहिली असती.

काल सराव बंद ठेवून मोजलं. पुरते पंधरा. चार खेपांना ब्याऐंशी-त्र्याऐंशी लिटर, त्यातलं निम्मं तुझं, म्हणजे झेपतं. रविवारी पहाटे पाचला निघतो. या वेळी दारात उभी राहू नकोस, खुर्ची घेऊन बस.

भेटीपर्यंत लोभ राखून ठेव.
तुझा धाकटा


९ मार्च

चि. धाकट्यास,
आईचे खूप खूप आशीर्वाद.

तू सुखरूप पोचल्याचं सूनबाईने फोनवर कळवलं. येताना लिटरला साडेसोळा पडले आणि जाताना मी नव्हते म्हणून सतरा, हे तू तिला तीनदा सांगितलंस म्हणे. मी इतकी जड नाही.

घर सगळं पाहिलं. खाली ताईचं दुकान, पुस्तकं चिकटवायच्या खळीच्या वासाची नाकाला अजून सवय नाही, पण मळमळत नाही. वरच्या खोलीतून रस्ता दिसतो. कागद कापायचं तिचं मोठं यंत्र तिने मला चालवून दाखवलं. दिवसातून चार-पाच वेळा हातातलं काम टाकून ती वर येते, मी आहे ना एवढं बघून खाली जाते.

आता तुझ्या कामाचं. दीड महिन्याने तू मला न्यायला येणार, आणि जूनमध्ये दुकान पंधरा दिवस बंद ठेवून तुम्ही दोघं इथे राहायला येणारच आहात. मग मधल्या दोन खेपा कशाला? मला जूनपर्यंत इथेच राहू दे आणि तेव्हा बरोबर ने. सहाशे वीस किलोमीटर वाचतील, म्हणजे छत्तीस लिटर. टेम्पोवाल्याकडून तपासून घेतलंय.

हा हिशेब तुला पटावा म्हणून मांडला. खरं सांगू का, मला इथे राहावंसं वाटतंय. ताईला अजून बोलले नाही. तू हो म्हणालास की तिला सांगेन, ती वर येईल तेव्हा.

सूनबाईला जवळ घेतलं म्हणून सांग. दाढ काढून टाक.
तुझी आई