व्हॅम्पायरचं नाक

सिडको, औरंगाबाद
ता. ९ फेब्रुवारी १९८७, सोमवार

प्रिय मुक्तावन्सं यांस,
स. न. वि. वि.

आज चौथ्या दिवशी नळ आला, पहाटे पाचला. पिंप आणि दोन हंडे भरले, तिसरा अर्धाच भरला. शेजारच्या प्लॉटवर पाया खणताहेत, त्याची धूळ येते म्हणून दोनदा झाडलं. दुपारी पेन्शनच्या कागदावर सही केली. यांना जाऊन परवा तीन महिने होतील.

विमान तुमच्याकडे पाठवावं, असं तुम्ही लिहिलंत. हे हवाई दलात ज्या व्हॅम्पायरवर फिटर होते, त्याचं हे लाकडी मॉडेल. शिकवणारा आणि शिकणारा शेजारी शेजारी बसायचे, ते जेट. चार वर्षं खपले त्यावर. पंख झाले, मागचे दोन दांडे झाले, आता नाकाचं कवच तेवढं राहिलंय. ते मी करीन. पाठवणार नाही.

एक विचारते, राग मानू नका. मॉडेलच्या नकाशावरची सगळी मापं तुमच्या अक्षरात आहेत. हे दर दुसऱ्या रविवारी खुलताबादला यायचे ते बहिणीच्या हातचं जेवायला, एवढंच मला ठाऊक होतं. मला त्यांनी कधी पॉलिश कागदसुद्धा धरायला दिला नाही.

मुलांना आशीर्वाद. रागावलात तरी माया ठेवा.

तुमची,
कालिंदी

खुलताबाद
ता. १४ फेब्रुवारी १९८७

ती. कालिंदीवहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

विमान घेऊन मी कुठं उडणार होते? बसची पायरी चढताना गुडघे बोलतात. मापं मी लिहिली, कारण दादाचं अक्षर दादालाच लागत नसे.

वहिनी, तुम्हाला तो एकोणतीस वर्षं रोजचा मिळाला. मला महिन्यातले दोन रविवार, त्यातही निम्मा वेळ त्याचं लक्ष विमानात. मग मी एक वस्तू मागितली तर काय बिघडलं?

नाक सोपं नाही. त्यानं दोन कवचं केली आणि पसंत पडली नाहीत म्हणून दोन्ही मोडली. प्लायच्या पट्ट्या चारच उरल्यात, जपून वापरा.

तब्येत सांभाळा. धाकटी समजून बोललेलं पोटात घाला.

तुमची,
मुक्ता

सिडको, औरंगाबाद
ता. २२ फेब्रुवारी १९८७

प्रिय मुक्तावन्सं यांस,
स. न. वि. वि.

दोन पट्ट्या मोडल्या. साच्यावर धरून वाकवायला गेले की कटकन तुटतात. हे पत्र चार दिवस अर्धं पडून होतं, तुम्हाला विचारायला मन होत नव्हतं. कशा वाकवायच्या ते कळवा.

आणि तुमच्यासमोर जे करायचे ते माझ्यासमोर का नाही, हेही माहीत असेल तर कळवा. मी अडाणी नव्हते. शिकले असते.

उत्तराची वाट पाहते.

तुमची,
कालिंदी

खुलताबाद
ता. २७ फेब्रुवारी १९८७

ती. कालिंदीवहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

पट्टी एक दिवस एक रात्र बादलीभर पाण्यात बुडवून ठेवायची. मग कढत पाण्यातून काढून साच्यावर सुतळीनं आवळायची आणि दोन दिवस सावलीत ठेवायची.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लिहावं की नाही, याचा पुष्कळ विचार केला. पहिल्या पट्ट्या दादानं तुमच्याच न्हाणीतल्या बादलीत भिजत घातल्या होत्या, पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात. तुम्ही ते पाणी भांड्यांना वापरलंत आणि म्हणालात की या घरात माणसांना पाणी पुरत नाही, लाकडाला कुठून आणू. पुढच्या रविवारी तो पट्ट्या पिशवीत घालून इकडं आला. आमच्या आडात तळाशी का होईना, पाणी होतं. त्यानं तक्रार केली नाही. उलट म्हणाला की कालिंदीचं खरं आहे, हंडे तिला भरावे लागतात. पण तुमच्यासमोर पुन्हा ते काम काढायची त्याला भीड वाटायची.

मी त्याला सांगायला हवं होतं की घरी जा, वहिनींना पुन्हा एकदा विचारून बघ. सांगितलं नाही. मला ते रविवार हवे होते.

आता तुम्ही लोभ ठेवाल की नाही, ते तुमच्यावर सोडते.

तुमची,
मुक्ता

सिडको, औरंगाबाद
ता. ६ मार्च १९८७

प्रिय मुक्तावन्सं यांस,
स. न. वि. वि.

बादलीची गोष्ट मी विसरले होते. तुमचं पत्र वाचून आठवली. त्या दिवशी मला टँकरमागे धावावं लागलं होतं. यांनी काही मनाला लावून घेतलंय, असं तेव्हा दिसलं नाही. दिसू देणारे ते नव्हतेच.

तुमचा हेवा वाटायचा थांबला, असं लिहिलं तर खोटं होईल. ते रविवार मीच तुमच्याकडे पाठवले, हे कळल्यावर तर जास्तच वाटतो. विमान इथंच राहील. पण चंदेरी रंग कसा द्यायचा ते मला येत नाही. पाडव्याच्या आधीच्या रविवारी तुम्ही इकडं या. जेवायलाच या.

नळ परवा आला तेव्हा पट्ट्या भिजत घातल्या. अंघोळ एक दिवस राहिली.

जसा लोभ दादावर होता, त्यातला थोडा इकडं असू द्या.

तुमची,
कालिंदी

ता. क. – पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा उघडलं. आता पट्टी साच्यावर बसवली, मोडली नाही. गाठ मारताना सुतळी सैल पडते, पहिल्या वेढ्यावर कुणीतरी बोट दाबून धरावं लागतं. मी टोक दातात धरलं आणि गाठ मारली.