दुसरी किल्ली

गुरुवार, ता. १२

चिरंजीव धाकट्या,

आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. तुझी वहिनी बरी आहे. टॅक्सीचा आवाज वाढलाय, माझा कमी झालाय. तुझी मुलगी आता बाळसं धरू लागली असेल.

फोन तू उचलत नाहीस आणि परिवहन कार्यालयातल्या तुझ्या खिडकीपाशी बोलायची सोय नाही. मागे मी नुसतं "अरे" म्हणालो, तर म्हणालास, "इथे नाती नकोत, कागद द्या." दिले. परवान्याची फी वाढली, तपासणीची वाढली, उशिराचा दंड वाढला, आणि दंड भरायला उशीर झाला तर त्यावर आणखी काहीतरी. यातलं काहीच तू ठरवलेलं नाहीस, हे कळतं मला. पण सरकार आम्हाला कधी दिसत नाही रे. आम्हाला तूच दिसतोस.

स्टँडवर आमची एक पद्धत आहे. संप पुकारला की प्रत्येकाने आपली किल्ली चहावाल्या मावशींच्या डब्यात टाकायची. दुसरी किल्ली प्रत्येकाच्या घरी असते, हे सगळ्यांना ठाऊक. तरी डब्यात टाकली म्हणजे शब्द दिला. वयाने मोठा म्हणून मला पुढे केलं होतं. सगळ्यात आधी मी टाकली आणि फी कमी झाल्याशिवाय डबा उघडायचा नाही, असं घसा फोडून सांगणाराही मीच.

दुसऱ्याच दुपारी माझी टॅक्सी रस्त्यावर दिसली. संध्याकाळपर्यंत डबा रिकामा. म्हाताराच फुटला, मग आपण का उपाशी मरायचं, असं झालं. फी आहे तिथेच राहिली.

परवा दंड भरायला रांगेत होतो. माझे कागद हातात घेऊन तू शेजारच्या कारकुनाला हसत म्हणालास, "यांचा संप मोडायला आपण कशाला हवेत? यांचा म्होरक्याच फुटतो!" सगळी रांग ऐकत होती. मागून कोणीतरी म्हणालं, "भाऊ खिडकीत बसलाय ना, याला सगळं माफ असणार." तेही तू ऐकलंस. आणि माझी पावती फाडलीस, दंडासकट.

आता जे लिहितोय ते लिहायचं नव्हतं. संपातल्या त्या दुपारी तुझ्या बायकोचा फोन आला. दिवस भरायचे होते आणि रक्त जात होतं. तुझा फोन लागेना, रुग्णवाहिका आमच्याच मोर्चात अडकलेली, रस्त्यावर वाहन नाही. "दादा, काहीतरी करा," एवढंच बोलली. मी घरातली दुसरी किल्ली काढली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी उशीर झाला असता तर दोघींचंही काही खरं नव्हतं.

शेजाऱ्यांनी पोचवलं असं तुला सांग, हे मीच तिला बजावलं. तू माझ्या उपकाराखाली नकोस, आणि खिडकीवाल्याच्या घरासाठी मी संप मोडला असं स्टँडवर व्हायला नको. हा शहाणपणा अंगाशी आला.

स्टँडवर आता माझा नंबर लागू देत नाहीत. प्रवासी माझ्या दारापर्यंत आला तरी त्याला मागच्या गाडीत बसवतात. मावशी चहा देतात, पण ग्लास टेकवून लगेच पाठ फिरवतात. सगळी हयात ज्यांच्यात काढली त्यांना मी विकला गेलो असं वाटतं. राग येतो, आणि रडूही येतं. आता मी खरं सांगितलं तरी त्यांना ती थापच वाटेल. तू सांगितलंस तर पटेल.

पैसे नकोत, फी माफ नको. रांग भरली की खिडकीतून सांग, परवा हसलास त्याच आवाजात, की त्या गाडीत तुझी बायको होती, आणि माझ्याकडून तू पै न् पै वसूल केलीस. तुझे साहेब चिडतील, हेही ठाऊक आहे मला.

तिला मात्र ओरडू नकोस. मुलीला पापा.

उद्या सांगितलंस, तर तुझा दादा.
नाही तर रांगेतला कोणीतरी.