बॉयलरच्या ‘बाहेर’ बटणाबद्दल जबाब

छुनछन, शुक्रवार, १७ जानेवारी

प्रिय मिन-ओक,

मंगळवार, दि. १४ जानेवारी रोजी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी माझ्या दिवाणखान्याच्या भिंतीवर, बॉयलरच्या पाटीवरचं ‘बाहेर’ हे बटण दाबलं गेलं. त्या सकाळी या घरात दोनच माणसं होती. त्यातली एक मी. दुसरी नऊच्या बसने तोंगयंगला निघून गेली. (कोर्टाच्या दप्तरखान्यात तीस वर्षं काढलेल्या बाईला याहून जास्त पुरावा लागत नाही.)

तुझे गुडघे बरे असतील अशी आशा आहे. तुझ्या नवऱ्याचा खोकला थांबला असेल, आणि नसेल तर त्याला सिगारेट बाल्कनीत नव्हे, रस्त्यावर जाऊन ओढायला सांग. देव तुम्हा दोघांना सुखात ठेवो. इथे उणे सतरा आहे, नदी काठापासून काठापर्यंत गोठली आहे. ख्यालीखुशाली संपली, आता मुद्द्यावर येते.

त्या एका बटणापायी माझं घर सुटायची वेळ आली आहे. पुढच्या शनिवारी, चांद्र नववर्षाच्या सुट्टीआधी, ह्योक येतो आहे आणि मला एक वृद्धनिवास ‘नुसता दाखवायला’ नेणार आहे. पोटचा मुलगा ‘नुसतं’ म्हणाला की आईने सामान आवरायला घ्यावं, हे मला कळतं.

झालं असं. तुला बसस्थानकावर सोडून मी घरी आले. दुपारपर्यंत पाय गार पडले. एरवी बॉयलर जी खालून शेकतो त्या जमिनीला हात लावला, तर मासळीबाजारातल्या फरशीसारखी. पाटीवर तेवीसचा आकडा एकोणीसवर आला होता. तिथे पाच बटणं, प्रत्येकाशेजारी एक बारीक दिवा आणि त्यातला एक पेटलेला. दिवा पेटलाय म्हणजे यंत्र चालू आहे, अशी माझी सरळ समजूत. (नन्सनी आम्हाला लॅटिन शिकवलं, भरतकाम शिकवलं, बॉयलर शिकवला नाही.) मी बॉयलरसोबत आलेली पुस्तिका काढली. तिच्यात लिहिलं होतं, गॅसचा कॉक पाहा. पाहिला, उघडा होता. खात्री करावी म्हणून बंद करून पुन्हा उघडला. पाण्याचा दाब पाहा. काटा जिथे असावा तिथे होता. नळाला गरम पाणी येतं का पाहा. कढत येत होतं. तरी जमीन गारच आणि आकडा पंधरा.

मग गोठलेली नळी पाहा, असं होतं. मागच्या बाल्कनीतल्या नळ्या मी सगळ्या गुंडाळल्या: जाड नळीला जुनी गोधडी, मधलीला माझा लोकरीचा स्कार्फ आणि बारकीला ह्योकच्या वडिलांची थंडीतली लांब चड्डी, जी त्यांच्या माघारी मला टाकवली नव्हती. वर केस वाळवायचं यंत्र लावून तासभर उभी राहिले. नळ्या गोठलेल्या नव्हत्याच. घरातली सर्वांत उबदार वस्तू तेवढी ती चड्डी.

बुधवारी सकाळी आकडा बारा. मी घरात फुगीर कोट, टोपी आणि हातमोजे घालून वावरत होते. अशात खालच्या मजल्यावरचे बांग आले. हे गृहस्थ जन्मभर बस चालवून निवृत्त झाले आहेत आणि जगातल्या प्रत्येक यंत्राला इंजिन समजतात. मला बघून विचारतात कसे, “प्योबाई, निघालात की आलात?” मी म्हटलं, मी राहते इथे. त्यांनी निदान केलं की जमिनीखालच्या नळ्यांत हवा अडकली आहे. सिंकखालचं दार उघडून ते आत शिरले. तिथे प्रत्येक खोलीच्या नळीची एकेक पितळी तोटी आहे, हे मला बावीस वर्षांत माहीत नव्हतं. त्यांनी टोकाची तोटी सोडली. हवा निघाली नाही, काळं पाणी निघालं, तेही त्यांच्या थेट तोंडावर. तोटी बंद होईना. दोघांनी मिळून तिला भाजीच्या पातेल्याने थोपवलं.

पाच मिनिटांत खालून त्यांच्या बायकोचा फोन, की आपलं छत गळतंय, जरा वर जाऊन त्या बाईला चार शब्द सुनावा. ते म्हणाले, मी वरच आहे. मग दहा मिनिटं नवरा-बायकोत, तू वर काय करतोस, यावर चर्चा. तेवढ्यात इमारतीच्या ऑफिसचा भिंतीतला भोंगा घरोघर बोलू लागला की सातशे चारमध्ये पाणी गळत आहे, रहिवाशांनी काळजी घ्यावी. (सातशे चार म्हणजे मी. नाव न घेण्याचा हा सभ्यपणा.) आणि एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांच्या यादीत माझ्या नावापुढे जो नंबर आहे, तो ऑफिसने फिरवला. तो ह्योकचा.

“आई, मी काही म्हणत नाही,” तो म्हणाला. “तिथे फक्त बॉयलरला हात लावावा लागत नाही.”

गुरुवारी दुरुस्तीची बाई आली. चाळिशीची, दोन्ही हातांत अवजारांच्या पेट्या. माझा कोट पाहिला, भिंतीकडे पाहिलं.

“आजी, बाहेरगावी होतात का?”

“मी इथेच आहे.”

“मग यंत्राला तसं सांगा ना,” असं म्हणून तिने पेटी खाली न ठेवता कोपराने एक बटण दाबलं. मागे बाल्कनीत बॉयलर घुर्र करून पेटला. अर्ध्या तासात पाय शेकू लागले. तिने तोटी बसवली आणि जाताना त्या चड्डीला अदबीने वाकून नमस्कार केला.

तुझी थोरली बहीण,
प्यो सुन-ओक (मोनिका)

ता. क. सोबत कागद जोडला आहे. तो आपल्या अक्षरात उतरवून सही कर: ‘मी, प्यो मिन-ओक, हिने मोठ्या बहिणीला न सांगता ते बटण दाबलं. बहिणीची तब्येत आणि बुद्धी दोन्ही उत्तम आहेत.’ माफी वगैरे घालू नकोस, तू कधी मागत नाहीस, ह्योकला संशय येईल.

ता. क. दुसरा. तू म्हणशील, मी तर लिफ्टपाशी होते. होतीस. दार मी ओढून घेतलं आणि त्याआधी, गॅस कशाला जाळायचा म्हणून, बटणही मीच दाबलं. परत आले तेव्हा, तुझा दहा दिवसांचा मुक्काम संपल्यावर, घर इतकं गप्प होतं की मी आले आहे हे कुणाला सांगायचं सुचलंच नाही. तरी सही कर. खोटं बोलणं पाप आहे हे नन्सनी मला शिकवलं आहे, म्हणूनच सही तुझी हवी. तुला कुणी वृद्धनिवासात नेणार नाही. तुझ्याकडून या घरात कुणाच्याच अपेक्षा नाहीत.

लेखी उत्तर गुरुवार, दि. २३ जानेवारी, संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हाती पडलं पाहिजे. फोन केलास तर उचलणार नाही. स्वतः घेऊन आलीस तर सहा वाजले तरी हरकत नाही.