सत्तेचाळीस नंबरचा म्हातारा

११ जानेवारी १९७२

लढाई संपली आणि माझ्या बातम्यांच्या फळ्याचं नशीब फुटलं! डिसेंबरात वाचनालयापुढे पाय ठेवायला जागा नव्हती. मी खडू उचलला की अख्खं कर्जत गोळा. आज लिहिलं, 'भाताच्या सरकारी लेव्हीबाबत सूचना'. वाचायला एक म्हैस थांबली.

१९ जानेवारी

माथेरानच्या एका पारशी बंगल्यातून रद्दी आली. मालक वारले, माळ्याने गठ्ठा नेरळला उतरवून आमच्याकडे धाडला. सगळी मोटारींच्या शर्यतींची इंग्रजी मासिकं! ज्या डोंगरावर मोटारीला बंदी, तिथे बसून हा गृहस्थ जन्मभर हेच वाचत होता. धन्य!

अंक गेल्या वर्षीचे आहेत. असेनात. कर्जतला कोणाला ठाऊक?

२२ जानेवारी

फळ्यावर लिहिलं — 'अमेरिकेत चोवीस तासांची मोटार-शर्यत. एका गाडीला दोन ड्रायव्हर, आळीपाळीने. पेट्रोलपुरतं थांबायचं, बाकी अखंड.' तारीख घातली नाही. खोटं कुठे बोललो? नुसता गप्प बसलो.

गर्दी! पायरीवर भाजी विकणाऱ्या भागूबाईला वाचता येत नाही, म्हणून तिला मोठ्याने वाचून दाखवलं. "रातीचं बी? मंग झोपायचं कवा?" म्हटलं, आपल्या सप्त्यात वीणा खाली टेकवत नाहीत, पहारे बदलतात. तसंच हे. तिला लगेच पटलं. "म्हंजे मोटारींचा सप्ताच की रं, मास्तर!"

३ फेब्रुवारी

त्याच शर्यतीचा तपशील आज लिहिला. सत्तेचाळीस नंबरची गाडी. अल्बर्ट पिम, वय बावन्न, सगळ्यांत म्हातारा. जोडीदार त्याचा सख्खा जावई. घरच्या गॅरेजात बांधलेली गाडी, शेवटून दुसरी आली. कोणी ढुंकून पाहिलं नसतं, पण 'जावई' लिहिलं आणि बाजार थबकला.

भागूबाई म्हणाली, "सासरा-जावई चोवीस तास एका गाडीत? आनि भांडन नाय?" खुलासा केला — एक आत असतो तेव्हा दुसरा बाहेर. "तरीच जमलंय!"

शिळफाट्याचा कोंडाजी ट्रक ड्रायव्हर असल्यामुळे त्याचं मत मोलाचं. तो पहिल्या आलेल्या जर्मन गाडीच्या बाजूचा. म्हणाला, "म्हाताऱ्याचा खटारा बोरघाट बी चढायचा नाय." भागूबाईने त्याच्या पिशवीतली कोथिंबीर काढून घेतली.

१ मार्च

फळा लिहायला उशीर झाला. दारात अकरा माणसं, आणि वर मलाच दटावतात!

२५ मार्च

इटली. पिमच्या गाडीचं चाक निखळलं. तीन चाकांवर रखडत गाडी आणली, पण आणली. कोंडाजी हसला. भागूबाई आता दोन दिवस त्याला मिरच्या विकणार नाही. "आमचा म्हातारा थांबत नाय, ह्ये ध्येनात ठेव."

'आमचा' कधीपासून झाला कोण जाणे.

२० एप्रिल

वाचनालयाच्या चिटणीसांनी हटकलं, "या शर्यती पेपरात कशा येत नाहीत हो?" म्हटलं, पेपरांना जागा कुठे असते! ते गेल्यावर घाम पुसला.

पुढचे अंक उघडून बघायचा फार मोह होतो. बघत नाही. गठ्ठा सुतळीने बांधून कपाटावर ठेवलाय. गावाला कळेल तेव्हाच मला कळावं, एवढी तरी अब्रू राखतो.

१४ मे

फ्रान्स. चोवीस तास. पिम सहावा!! सहावा!!! भागूबाईने पायरीवर गूळ वाटला. कोंडाजीने दोनदा घेतला. मी वाचनालय अर्धा तास आधी बंद केलं, का म्हणून विचारायला कोणी आलंच नाही.

२ जून

शेवटचा अंक. सकाळी सुतळी सोडली, वाचला, आणि दार लावून बसलो.

पावसात गाडी कठड्यावर गेली. पिमच चालवत होता. 'प्रकृती चिंताजनक. अंक छापायला जाईपर्यंत अधिक समजले नाही.' बस्स, एवढंच. गठ्ठ्यात पुढचा अंक नाही! दोनदा झटकून पाहिला.

फळ्यावर जसं होतं तसं लिहिलं. भागूबाईला ते दोनदा वाचून दाखवावं लागलं.

३ जून

भागूबाईने उपास धरला. गावदेवीला नारळांचं तोरण बोलली आहे. "त्यो डोलं उघडंस्तवर अन्न नाय."

गेल्या वर्षीच्या अपघाताला या वर्षीचा उपास! देवीने तरी काय करावं? हसू येतं, आणि लगेच स्वतःची लाज वाटते. पिमच्या गॅरेजचा पत्ता मासिकात होता. इंग्रजीत पत्र लिहून जावयाच्या नावाने टाकलं. हा उपासही त्यात लिहिला.

५ जून

तिसरा दिवस. मेथीची जुडी बांधताना तिच्या हातून दोनदा सुटली. राहवलं नाही. सगळ्यांदेखत सांगितलं — भागूबाई, हे सगळं गेल्या वर्षीचं आहे. तो जगला की गेला ते केव्हाच ठरून गेलंय. जेव आता.

कोंडाजी ओरडला, "पाच म्हयनं आमाला येडं बनवलंस?" पुढचं इथे लिहिण्यासारखं नाही. माणसं पांगली.

भागूबाई तेवढी बसून राहिली. "त्यो हाय का गेला, तुला ठावं हाय?" नाही म्हटलं. "मंग ठरलंय कुटं?" पण पाणी प्यायली. एक वेळ जेवायचं कबूल केलं. मी फार वाईट माणूस आहे असं आज पहिल्यांदाच वाटलं.

२८ जून

फळ्यावर वीज मंडळाची सूचना. वाचक शून्य. भागूबाई अजून एकच वेळ जेवते. रोज विचारते, "टपाल?"

१७ जुलै

जावयाचं पत्र आलं. पिम गेला. अपघातानंतर दोन दिवसांनी, गेल्या वर्षी जुलैतच. म्हणजे मी फळ्यावर त्याचं नाव पहिल्यांदा लिहिलं, तेव्हा त्याला जाऊन सहा महिने झाले होते. गूळ वाटला तेव्हाही तो नव्हता.

भागूबाईला सगळं वाचून दाखवलं. तिने पदराने डोळे पुसले, बोटांवर महिने मोजले. म्हणाली, "मंग आपल्याकडं त्यो आनखी वरीसभर जगला की रं, मास्तर."