एक जूनची मुलं

१९ ऑगस्ट
पालावर आज एकवीस मुलं. ताडपत्री कोपऱ्यातून फाटली, ती दगडाने दाबून बसले. बाराखडी कमी, भांडणं जास्त. शेवटचा तास खोखो. एमआयडीसीच्या मोकळ्या प्लॉटवर वॉचमन आताशा हाकलत नाही, खुर्ची टाकून बघत बसतो.
धुळ्याच्या मुलींच्या क्रीडा वसतिगृहाच्या बाई आल्या होत्या. रेश्माला चार डाव पळताना पाहिलं, मग मला बाजूला घेतलं. ही पोरगी मला द्या म्हणाल्या. राहणं, जेवण, दहावीपर्यंत शाळा. अट एकच, चौदाच्या आतल्या संघातून तालुक्याला खेळायला हवी. वयाचा दाखला लावा.
घरी येताना गुडघा दुखला नाही. की लक्षात आलं नाही.

२० ऑगस्ट
गिरजाला, रेश्माच्या आईला, सांगितलं. सुपं-चाळण्या बांधता बांधता ऐकलं. दसरा झाला की पाल उठणार, गुजरातकडे. तिकडे रेश्माच्या मामाने त्याच्या मुलासाठी मागणी घातली आहे. रेश्मा वसतिगृहात गेली तर मामाला सांगता येईल, पोर सरकारी शाळेत शे म्हणून. नाहीतर नाही म्हणायला कारण नाही. मोठी लक्ष्मी गेल्या वर्षी अशीच गेली. तेरा-चौदाची असेल. मी तेव्हा खूप बोलले होते. काही झालं नाही.

२३ ऑगस्ट
शाळेत गेले. मु. अ. देवरे सरांनी रजिस्टर काढलं. रेश्मा कागदावर सात महिन्यांनी चौदाच्या गटाबाहेर. शाळा आठवीपर्यंतच आणि ती आठवीत, पुढच्या वयोगटाचा संघ नाही. पुढचं वर्ष नाही.
तारीख मीच लिहिलेली. १ जून.
रजिस्टर मिटून सर म्हणाले, बघा आता. काय बघू?

२४ ऑगस्ट
लिहून टाकते एकदा. डोक्यात ठेवून झोप येत नाही.
सहा वर्षांपूर्वी पालावरची मुलं पहिल्यांदा शाळेत घातली. एकाचाही जन्मदाखला नाही. मग जुने मास्तर करायचे तेच केलं. उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला टेकला की सहा पूर्ण, बाकी दात बघून, उंची बघून. तारीख सगळ्यांची १ जून, म्हणजे शाळा उघडताना वय बसतं. खाली आईबापाचा अंगठा. सत्तावीस मुलं, सत्तावीस १ जून. माझी स्वतःचीही जन्मतारीख १ जूनच आहे, गुरुजींनी घातलेली. त्यामुळे चुकतंय असं वाटलंही नाही.
लक्ष्मी आठची होती, वयाप्रमाणे दुसरीत बसत होती. पण तिच्या बोटाला धरून धाकटी रेश्मा, दिसायला पाचची. रेश्माला घरी ठेवायची तर सांभाळायला लक्ष्मीही घरीच. दोघींना एका वर्गात घालायचं तर रेश्माही आठची पाहिजे. म्हणून दोघींना एकच साल टाकलं. कागदावर जुळ्या. रेश्माचा हात तर कानालाही पुरत नव्हता. मीच ओढून टेकवला.
लक्ष्मीसाठी केलं आणि लक्ष्मी तर गेलीच. करायला गेले एक, झालं भलतंच.

२७ ऑगस्ट
गणपती बसले. वर्ग नाही, मुलं वर्गणीत. माझ्याकडून एका बारक्याने पाच रुपये नेले आणि पावती दिली, कोऱ्या कागदावर फुली मारून.
क्रीडाशिक्षक भेटले. म्हणाले, सातवीतली एक पोरगी येतच नाही, तिच्या नावावर खेळवू. कोण बघतंय? दिवसभर ते डोक्यात. खोटं सांगत नाही, मोह झाला. मग वाटलं, खेळेल एका नावाने आणि वसतिगृहातही राहील त्याच नावाने. पोरीला एकच तर गोष्ट आहे स्वतःची, तीही काढून घ्यायची. नको म्हणून फोन केला.

२ सप्टेंबर
गिरजाला विचारलं, जन्म कधीचा. तिने विचार न करता सांगितलं, "शिवरात्रना आदला दिन व्हता. साक्रीकडनी वाटवर गाडं थांबाडं नि हाई व्हयनी."
सहा वर्षांपूर्वी मी हे का विचारलं नाही? अंगठा घेतला, प्रश्न नाही विचारला. इतकी साधी गोष्ट.
गिरजा म्हणते, गावातली एक बाई काटा घेऊन आली होती, पोर झोळीत घालून मोजली होती. अंगणवाडीची असणार.

५ सप्टेंबर
शिक्षक दिन. संस्थेतून गुलाब आणि पेन. पेन चालत नाही.

८ सप्टेंबर
साक्रीकडे गिरजाबरोबर. दोन एसट्या, पुढे टमटम. गाव तिने ओळखलं, रस्त्याकडेच्या चिंचेवरून. अंगणवाडीच्या अक्का आता रिटायर. आधी ओळख देईनात, चहा झाल्यावर कपाट उघडलं. रजिस्टरं ओलीने चिकटलेली, एकेक पान फुंकून सोडवलं.
सापडलं. मागच्या कोऱ्या पानावर, कारण पुढच्या पानांवर फक्त गावच्यांची नावं. "पालावरची बाई. मुलगी. दोन किलो." तारीख. महाशिवरात्रीच्या आदल्या दिवसाचीच. कागदापेक्षा बरोबर पावणेदोन वर्षांनी लहान.
अक्का म्हणाल्या, वजन करायची सवय, कोण कुठली बघितलं नाही. त्यांनी पानाखाली आज सही करून पान काढून दिलं. गिरजाला वाचता येत नाही. तिने बोट ठेवून कुठे लिहिलंय ते विचारलं, आणि मग बराच वेळ बोट तसंच ठेवलं.
मला रडू आलं. परतीच्या एसटीत झोप लागली, गिरजाने उठवलं.

१० सप्टेंबर
देवरे सरांना पान दाखवलं. खूश झाले. तारीख बदलायची तर प्रस्ताव धुळ्याच्या शिक्षण विभागाच्या ऑफिसला. सोबत माझं ॲफिडेव्हिट: मूळ नोंद मी अंदाजाने केली.
मग म्हणाले, "बाई, एक टाका उसवला की अख्खी गोधडी हातात येते."
कळलं. सत्तावीस मुलांचं आधार त्या तारखांवर. अकरा जणांचे जातीचे दाखले तहसीलला अडकलेत, त्याच तारखांवर. आधीच तिथे म्हणतात, ही माणसं कुठली, यांची कागदं खरी कशावरून. आता मीच लिहून द्यायचं की खरी नाहीत. सर वाईट माणूस नाहीत. त्यांचीही रजिस्टरवर सही आहे, रिटायरमेंटला दोन वर्षं.
नाही दिलं तर एकीचं जातं. दिलं तर कदाचित सगळ्यांचं. कदाचित काहीच होणार नाही. ऑफिसचं काय सांगावं.

१३ सप्टेंबर
सराव. रेश्मा आज तीनदा खांबाला धडकली. कोपर सोललं, हळद लावली. वयाचं काय झालं विचारलं तिने. सांगितलं सगळं, हात ओढल्याचंही. मला वाटलं होतं तिला ऐकून धक्का बसेल.
म्हणाली, "माले याद शे. मना हात पुरे ना. तुम्हीच वढा व्हता."
सहा वर्षं पोरीला माहीत होतं. रागावली नव्हती. मला तेच जास्त लागलं.

१५ सप्टेंबर
पालावर बैठक घेतली. मलाच लाज वाटली म्हणून घेतली, लपवून काही करायचं नव्हतं. निम्मी माणसं फेरीवर. जे होते त्यांना सांगितलं. कुणी रागावलं नाही. कुणाला नीट कळलंही नसावं, बाईंनी लिहिलं म्हणजे बरोबरच असणार हा त्यांचा हिशेब. एका आबांनी विचारलं, दाखला कधी मिळेल. मी परत सांगितलं. त्यांनी परत मान हलवली.
उठताना गिरजा. "मनी पोरनं काम व्हयी, ते चांगलंच शे. पन बाकीना पोरेस्नं काय व्हयी, बाई?"
जिचं अडलंय तीच विचारते. मी म्हटलं बघू. बघू हा शब्द मी या पालावर किती वेळा वापरला असेल.

१८ सप्टेंबर
ॲफिडेव्हिट केलं. शिरपूरला नोटरीकडे. फक्त रेश्माचं लिहिलंय: "सदर विद्यार्थिनीची जन्मतारीख मी अंदाजाने नोंदवली." बाकीच्यांबद्दल एक अक्षर नाही. वकील म्हणाले, विचारल्याशिवाय सांगू नका. मोठा सल्ला.
ताप आहे बारीक. कालपासून वर्ग घेतला नाही. मुलं घरी येऊन दार वाजवून गेली.

२२ सप्टेंबर
धुळे. ऑफिसच्या बाहेरचा बाक. तालुक्याच्या स्पर्धेच्या फॉर्मची आज शेवटची तारीख. रेश्मा सोबत, शाळेच्या ड्रेसमध्ये, तिला समक्ष आणा म्हणाले होते.
साहेबांनी सगळं वाचलं. अक्कांचं पान उजेडात धरून पाहिलं. माझ्या अंदाजापेक्षा बरा माणूस. सही करायला पेन उघडलं आणि सहज विचारावं तसं विचारलं, "त्या वस्तीतली ही एकच नोंद अंदाजे, की अजून आहेत?"
तेवढ्यात त्यांना आतून बोलावणं आलं, मग जेवणाची सुट्टी. म्हणाले, दोनला सांगा, मग करतो.
मी ‘ही एकच’ म्हणाले तर सही होईल. आणि ते खोटं असेल, समोर शपथेचा कागद ठेवून. सगळ्याच म्हणाले तर हा भला माणूसही पेन बंद करेल, त्याला करावंच लागेल.
देवरे सरांना फोन लावला. उचलला नाही. परत लावला, उचलला नाही.
रेश्माला वडापाव आणून दिला. खाल्ला नाही, कागदात गुंडाळून दप्तरात ठेवला. आता विचारते, "मनं एकलीनं सांगशात का बठ्ठास्नं?"
तिला म्हटलं, एकटीचं की सगळ्यांचं, तू काय सांगितलं असतंस. म्हणाली, बाई, ते तुम्ही सांगायचं आहे.
दोनला पाच कमी. साहेब जिना चढताना दिसतायत.