सहावा पडदा रिकामा आहे

शुब्रा, कैरो
रविवार, १२ ऑक्टोबर

प्रिय दौलतखाला,

आधी तुझ्या हातांचे आणि दोन्ही गालांचे मुके. गुडघे कसे आहेत? दम्यात शहराची हवा तुला मानवली असं तुझा मुलगा सांगतो. पण तो पलंग विकतो, त्याच्या बोलण्यावर किती भरवसा ठेवायचा? इकडे सगळं ठीक. पेरू आलेत, लिफ्ट गेलीय.

फोन न करता लिहितेय, कारण फोनवर तू "नवरा मिळाला का?" विचारतेस, मी "नाही" म्हणते आणि तू फोन ठेवतेस. पत्राच्या बाबतीत तुला तेवढी घाई करता येणार नाही.

तर माझं प्रदर्शन. जुन्या बर्फाच्या कारखान्यात गोल मांडलेले सहा पडदे. विषय सॅम्पलिंग, म्हणजे दुसऱ्याच्या गाण्याचा तुकडा कापून आपल्या गाण्याला ठिगळ लावायचं. पहिल्या पडद्यावर माझ्या थोरल्या बहिणीच्या, आपल्या सौसनच्या लग्नाची कॅसेट: तू हिरव्या झग्यात, हात तोंडाशी, आणि ती तुझी आनंदाची आरोळी, तो तुझा झगरूता. पुढच्या पडद्यांवर तोच झगरूता कुठे कुठे पळाला ते दिसतं. मायक्रोबसवाल्यांची कॅसेट, टुकटुकवाल्या पोरांचं गाणं, पंख्याची जाहिरात, आणि शेवटी कुठल्याशा थंड देशातलं नाचघर, जिथे लग्न कुणाचं हे न विचारता पोरं नाचतायत. तुला कुणी विचारलं नाही, मान्य. पण आपल्या घराण्यात तुझ्याइतकं जग कुणी पाहिलेलं नाही, आणि तुझ्याकडे पासपोर्टसुद्धा नाही.

आवाजाचं काम वग्दी बघतो. लग्नांत स्पीकर लावतो, विधुर आहे, कमी बोलतो. कॅसेटच्या खरखरीतून तुझा आवाज त्याने असा निवडून काढला, जसे तू तांदूळ निवडायचीस.

सहाव्या पडद्यावर मी होते. खुर्चीत बसून या सगळ्याचा अर्थ समजावत.

मागच्या आठवड्यात काही जणांना आधी दाखवलं, सूचना मागवल्या. अनुदान देणाऱ्या संस्थेचे एक चष्मेवाले गृहस्थ आले.

"ही किंकाळी कुणाची?"

"किंकाळी नाही हो, झगरूता. लग्नात बायका जीभ नाचवून आनंद गल्लीभर पोचवतात."

"मला तर यात वेदना ऐकू आली."

"त्यासाठी सौसनच्या नवऱ्याला भेटावं लागेल," मी म्हटलं. त्यांनी ते वहीत टिपून घेतलं.

तेवढ्यात दार ढकलून समोरच्या गल्लीतली उम्म रिदा आत आली. मागे शेजारणींची फौज, एकीच्या हातात लग्न जमल्यावर वाटतात त्या लाल शरबताचं तबक. कारखान्यातून झगरूता ऐकू येतोय म्हणजे कुणाचं तरी जमलं, इतका साधा हिशोब. साखर विरघळेना म्हणून तेवढा उशीर झाला म्हणे. आल्या आल्या त्यांनी पडद्यावरच्या तुला झगरूत्यानेच उत्तर दिलं, सगळ्यांनी एकदम. चष्मेवाले भिंतीला टेकले.

"नवरी कोण?" उम्म रिदाने विचारलं.

"नवरी नाहीये. ही कला आहे."

"असेल बाई. नवरी कोण?" मग तिची नजर सहाव्या पडद्यावर गेली. "आणि ही कोण भाडं मागायला बसलीय? अगं, ही तर तूच! झगरूता उत्तरावाचून सोडायचा नसतो, एवढंही कळत नाही? ती बिचारी सकाळपासून एकटी जीभ झिजवतेय, आणि तू शेजारी बसून व्याख्यान देतेस!"

खाला, इतकी वर्षं मोठमोठ्या लोकांची टीका वाचली, पण एवढी खरी कुणाची लागली नाही. मी त्याच दिवशी स्वतःला कापून टाकलं. आता सहावा पडदा रिकामा आहे. चष्मेवाले म्हणतात, तसाच ठेवा, प्रेक्षक शून्याशी संवाद करतील. वग्दी म्हणतो, प्रेक्षक म्हणतील वायर निघालीय, आणि शिव्या मी खाईन.

तिथे उत्तर हवंय. उम्म रिदा एका पायावर तयार आहे. पण इतकं फिरून तुझा आवाज घरी आला, तर दार तूच उघडायला हवं. आणि नेमकी तीच अडचण. सौसनच्या लग्नात माईक हिसकावून तूच शपथ घेतलीस: यापुढचा झगरूता इन्शिराहच्या, म्हणजे माझ्या लग्नात, तोवर नाही. पुढे पोटच्या मुलाच्या लग्नातही ओठ मिटून बसलीस. सून पसंत नव्हती असं विहीणबाई अजून सांगत फिरतात.

मघाशी एक गोष्ट गाळली. ती आता लिहिते, नाहीतर हे पत्रही व्याख्यानच होईल.

उम्म रिदाने पुढे विचारलं होतं, "बरं, नवरी नाही तर नवरदेव तरी आहे का?" वग्दी शिडीवर होता, गळ्यात वायरींचं भेंडोळं. तो वरून म्हणाला, "आहे की. मी." मला वाटलं, बायकांना वाटेला लावायला थट्टा करतोय. वर पाहिलं, तर तो हसत नव्हता. कान मात्र शरबताच्या रंगाचे झाले होते. माझ्या हातात पेला होता. ते शरबत चाखून परत करत नाहीत, हे तूच शिकवलंस.

मी तळापर्यंत प्यायले, खाला.

येत्या गुरुवारी उद्घाटन आहे आणि काझीही तेव्हाच येतोय. चष्मेवाल्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटेल, वाटू दे. सहाव्या पडद्याला कॅमेरा जोडलेला असेल, तुझ्यासाठी. येताना तुमच्याकडचं ते पाकातलं मिशब्बिक आण. वग्दीला गोड चालतं, डॉक्टरला चालत नाही. या वयात हे काय म्हणून तू हसलीस तरी चालेल, रडलीस तरी चालेल. गप्प राहिलीस तर मात्र मला सोसणार नाही.

म्हणून या पत्राला पत्राने उत्तर देऊ नकोस.

गुरुवारपर्यंत तुझ्या शपथेच्या ओझ्याखाली,
तुझी
इन्शिराह